मांडीवरचं टोपलं

त्या वर्षी भाद्रपदात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मोतीझऱ्यातून वाचल्या खऱ्या, पण जेवायला तयार होईनात. ताप उतरला होता, जीभ स्वच्छ झाली होती. आता भाताची पेज पोटात गेली नाही तर हे शरीर तग धरणार नाही, असं वैद्यबुवा रोज येऊन सांगत होते. आत्याबाई ऐकून घेत आणि डोळे मिटून घेत. तापाच्या ग्लानीत त्यांनी महालक्ष्म्यांना, म्हणजे भाद्रपदातल्या गौरींना, शब्द दिला होता, की तुम्ही घरी येऊन जेवाल तेव्हाच मीही जेवेन. चमचाभर साखरपाण्यापलीकडे त्या काही घेत नव्हत्या. हात इतके बारीक झाले होते की बांगड्या कोपरापर्यंत घसरत.

खरं सांगते, मला त्या दिवसांत महालक्ष्म्यांचा राग आला होता. आमच्याकडे त्यांना माहेरवाशिणी म्हणतात, लेकी म्हणून घरात घेतात. मग आई अंथरुणाला खिळलेली असताना तिला उपाशी ठेवणाऱ्या या कसल्या लेकी, असं मनात यायचं. पण हे बोलायचं कुणाजवळ? माझे यजमान आंजीला किराण्याचं छोटं दुकान चालवायचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "माय ऐकत नाई, अन् देवी बोलत नाई. तू आपली भाज्या घेऊन ये."

भाज्यांचीच तर मोठी गोष्ट होती. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणे त्या घरच्या सवाष्णीनं स्वतः बाजारातून आणायच्या. त्यातही एक कडक नेम होता. पहिली भाजी टोपल्यात पडली की टोपलं घराचा उंबरा ओलांडेपर्यंत भुईला टेकवायचं नाही. डोक्यावर घ्या, काखेत घ्या, मांडीवर घ्या, पण खाली ठेवलं की नैवेद्य बाद. एका वर्षी आत्याबाईंच्या धाकट्या जावेनं पाणी प्यायला टोपलं विहिरीच्या काठाशी ठेवलं, तर आत्याबाईंनी त्या सगळ्या भाज्या गाईला घातल्या आणि सणभर तोंडात घास घेतला नाही. तेव्हा त्या धडधाकट होत्या. आता तसं झालं तर काय होईल, ते सांगायला वैद्यबुवांची गरज नव्हती.

महालक्ष्म्या बसायच्या दिवशी पहाटे मी शेजारच्या सखारामकाकांच्या बंडीतून वर्ध्याच्या बाजाराला निघाले. आजारपणात आठवड्यांची झोप राहिली होती. बैलांच्या घुंगरांबरोबर मान डोलत होती, आणि वाटेवरची तुरीची शेतं धुक्यात कधी जवळ येत होती, कधी दूर जात होती. वर्ध्याला पोचलो तेव्हा सूर्य नुकता वर आला होता आणि बाजार धुक्यातून हळूहळू बाहेर येत होता. आधी आवाज आले, मग वास, मग माणसं.

एवढा मोठा बाजार मी एरवी डोळे फाडून पाहिला असता. खेड्याखेड्यांतून आलेले शेतकरी रांगांनी बसले होते आणि प्रत्येकापुढे त्याच्या शेताचा एकेक तुकडा आणून ठेवावा तसे ढीग होते. ढेमसं, दोडकी, गवारीच्या शेंगा, जांभळी वांगी, कापलेलं केशरी कोहळं, काटेरी हिरवं काटवल, दवानं ओली धोप्याची, म्हणजे अळूची, पानं. मी चालत होते की कुणी मला चालवत होतं, कळत नव्हतं. भाज्यांचे रंग एकमेकांत मिसळायचे, माणसांचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू यायचं. मी हात पुढे करायची, कुणीतरी भाजी टोपल्यात घालायचं. टोपलं जड होत गेलं. काखेतून डोक्यावर, डोक्यावरून पुन्हा काखेत, असं करत मी शेवटची भाजी शोधत होते. अंबाडी. अंबाडीशिवाय आमच्या महालक्ष्म्या जेवत नाहीत.

अंबाडी बाजाराच्या पार टोकाला, कडुनिंबाखाली मिळाली. आत्याबाईंच्याच वयाची एक बाई पोत्यावर बसली होती, पुढे लाल देठांच्या कोवळ्या अंबाडीचा मोठा ढीग. तिनं जुडी टोपल्यात घातली आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

"अवं बाई, पडशीन ना! ठेव ते टोपलं खाली."

"खाली नाही ठेवता येत," एवढंच मी म्हणाले. कशी कोण जाणे, पण त्या अनोळखी बाईला मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आत्याबाईंचा ताप, त्यांचा शब्द, टोपल्याचा नेम. सांगता सांगता रडू फुटलं.

तिनं सगळं ऐकलं आणि दोन्ही हात पुढे केले. "मंग दे मह्यापाशी. घेऊन बसतो मी मांडीवर. तू टेक जराशी."

क्षणभर मी घुटमळले. ही कोण, कुठली, मला माहीत नव्हतं आणि आत्याबाईंचं सोवळं मला पुरेपूर माहीत होतं. पण हातांनी माझं ऐकणं सोडलं होतं. मी टोपलं तिच्या मांडीवर दिलं, कडुनिंबाच्या बुंध्याला पाठ टेकली, आणि भर बाजारात, हजार माणसांच्या गलक्यात, झोपले.

त्या झोपेत काय पाहिलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. एकदा डोळे किलकिले झाले होते. ऊन तिच्या पाठीमागून येत होतं, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता, नुसती कडा सोनेरी दिसत होती. मांडीवर टोपलं होतं. ते घसरू नये म्हणून डावा हात त्याला वेढून होता आणि उजव्या हातानं ती त्याला थोपटत होती. तान्ह्या पोरीला थोपटावं तसं, सावकाश, आपल्याच नादात. मला वाटलं, मीच कुणाच्या तरी मांडीवर आहे. इतकं निर्धास्त मी लग्नानंतर कधी झोपले नव्हते.

जाग आली ती सखारामकाकांच्या हाकेनं. ऊन डोक्यावर आलं होतं, बाजार पांगत होता. ती तशीच बसलेली होती. टोपल्यावर ओलं फडकं होतं, आतल्या भाज्या ताज्या होत्या. तिच्या समोरचा अंबाडीचा ढीग मात्र होता तेवढाच, आणि पार सुकलेला. जुड्या उचलून द्यायला तिचा हात मोकळा नव्हता. गिऱ्हाइकं येऊन परत गेली होती.

मी वाकून तिच्या पायांना हात लावायला गेले, तर तिनं पाय मागे घेतले.

"पाया नको पडू, माय. आमी गेल्या दसऱ्याले नागपूरले जाऊन दीक्षा घेतली. देवीदेवता आमी आता मानत नाई."

"मग एवढा वेळ हे मांडीवर..."

"तुही सासू जेवली पाह्यजे ना? मले तेवढंच समजलं." मग तिनं टोपलं उचलून माझ्या हातांत दिलं. "भागा मह्यं नाव. तब्येत कशी हाय ते सांगाले येजो."

परतीच्या वाटेवर टोपलं माझ्या मांडीवर होतं. नेम मोडला नव्हता. पण आत्याबाईंना हे चालेल? न सांगावं तर कुणाला कळणार होतं? आंजीची वेस येईपर्यंत माझं मन इकडून तिकडे होत राहिलं. शेवटी मी दमले आणि म्हटलं, महालक्ष्म्यांनो, मला काही सुचत नाही, आता तुमचं तुम्ही पाहा. रागानं नाही, खरोखरीच सोडून देऊन म्हटलं.

उंबरा ओलांडला. आत्याबाईंनी डोळे उघडून पहिला प्रश्न तोच केला. "टोपलं टेकवलं तं नाई?"

"नाही," मी म्हणाले, आणि बाकीचंही सांगितलं. कडुनिंब, झोप, भागाबाईंची मांडी, थोपटणारा हात, सुकलेली अंबाडी, दीक्षा. काही ठेवलं नाही. माझे यजमान दारात उभे होते, त्यांनी मान खाली घातली. आत्याबाई आढ्याकडे पाहत राहिल्या.

मग त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर ओघळलं.

"थोपटत होती म्हंतेस?"

"हो."

"लेकीले वाटेत माय भेटली व," त्या म्हणाल्या. "मांडीवर बसून आलेली लेक उपाशी नसते. माही महालक्ष्मी जेवली समज. आन, पेज आन."

नैवेद्य दुसऱ्या दिवशी दुपारी व्हायचा होता. पण त्या संध्याकाळीच, मुखवटे बसायच्या आधी, आत्याबाई माझ्या हातून वाटीभर पेज प्यायल्या. मी चमचा धरला होता आणि त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.

त्या पुढे बरीच वर्षं आमच्यात होत्या. तो बाजाराचा दिवस देवीची करणी होती की एका बाईचं मन, याचा निवाडा मी कधी केला नाही. भागाबाईंना विचारलं असतं तर त्या हसल्या असत्या, आणि आत्याबाईंना विचारायची सोय नव्हती. मला एवढंच उमगलं, की मी घट्ट धरून ठेवलं होतं तोवर सगळं जड होतं, आणि हात सुटले तेव्हा खाली दुसऱ्या कुणाचे हात होते. त्या हातांचे उपकार मी रोज मानते. दर वर्षी अंबाडी मी भागाबाईंकडूनच आणली. आणि अजूनही, भाज्यांचं टोपलं मांडीवर घेऊन घरी येताना, माझा हात आपसूक त्याला थोपटू लागतो.