उसणीवर माझी लाथ

सांगतो, पण आधी तोंडातला चहा गिळून घ्या, नाहीतर ठसका लागेल. असला गाढवपणा अख्ख्या सोलापुरात दुसऱ्या कुणी केला नसेल, आणि केला असेल तर तो माझ्यासारखा सांगत बसला नसेल!

मी पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी पाय पुढे. अशा माणसाने लाथ मारली की कमरेत भरलेली उसण पळते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मला तर जरा जास्तच ठाऊक होतं! गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, मला कुणी हिंग लावून विचारत नसे, पण सकाळी चाळीतल्या आमच्या दारात ही पाठींची रांग. "बापू, लई धरलंय वो!" म्हटलं की मी उजव्या पायावर उभा, आणि डाव्या पायाच्या तीन लाथा.

"कसं हाय?"

"ब्येस! पळाली की!"

'न्हाय' कुणी म्हणायचंच नाही. एकही अपयश नाही, बोला!

आमच्या मंडळींचीही कंबर धरायची. नळावरून डाव्या कमरेवर घागर घेऊन तिच्या बारा-बारा खेपा. पण वैद्य घरचाच असताना दवाखाना कशाला? रोज उठून मी तिलाही तीन द्यायचो. "आता?" "बरं हाय," म्हणायची आणि घागर उचलायची. रोज बरी व्हायची, रोज पुन्हा धरायचं. तुमच्या डोक्यात आत्ता जे आलं ना, ते माझ्या डोक्यात सहा वर्षं आलं नाही.

मग एके दिवशी आमच्या जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, उसण भरली. सगळं खातं बघायला उभं. म्हटलं, आज दाखवतोच! डावा पाय असा उंच नेला, आणि लाथ बसायच्या आधीच माझ्याच कमरेत कट्‌कन झालं. मी जॉबरच्या अंगावर, जॉबर सुताच्या टोपलीत!

"आरं बापू, उसण काडतूस का जीव?"

"जॉबरसाहेब, हलू नका! मलाच उठता येईना!"

दोघांना एकाच टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरने मला पालथं पाडून कमरेत बोट खुपसलं. मी किंचाळलो.

"इथे खोलवर, शेवटच्या बरगडीपासून कमरेच्या हाडापर्यंत एक चौकोनी स्नायू असतो. पाय उचललात की तो त्या बाजूची कंबर वर ओढून धरतो. रोज किती वेळा उचलता पाय?"

"पंधरा-वीस पाठी होतात, डॉक्टर. धर्मार्थ."

"मग दुखावणारच. बायका एका कमरेवर घागर वाहतात ना, त्यांचा दुसऱ्या बाजूचा असाच दुखावतो. शेक घ्या, पडून राहा, ओझं बंद."

"शेक घेतो, पण एखादा दुसरा पायाळू मिळाला तर..."

"गप पडा!"

पडलो. मंडळी मला शेक द्यायची आणि पाण्याला जायची. तिच्या पाठीला ना शेक, ना विश्रांती. पाचव्या दिवशी ती घागर घेऊन आत आली. मी झोपलोय असं तिला वाटलं. घागर उतरवली, उजवी कंबर दोन्ही हातांनी दाबली आणि भिंतीला डोकं टेकून दात आवळून उभी राहिली. किती तरी वेळ.

"अगं, तुला तर बरं वाटत होतं ना?"

ती दचकली. "न्हाय वो. येक दिस बी न्हाय."

"मग रोज 'बरं हाय' कशाला म्हणायचीस?"

शेकाची गरम पुरचुंडी माझ्या पाठीखाली सरकवत ती म्हणाली, "न्हाय म्हणलं असतं, तर चवथी मारली असती की तुमी."

चाळीतले सगळे 'बरे झालेले' चेहरे एकेक करून माझ्या डोळ्यांपुढून गेले. लाज वाटली हो, भयंकर लाज वाटली. तोंड भिंतीकडे करावं म्हटलं, तर कूस बदलता येईना. शेवटी तिलाच हाक मारावी लागली.