धूर नसलेला कोळसा

आमच्या घराचं पुढचं दार थंडीतही लागत नसे. आईने त्याची कडी भिंतीतल्या खिळ्याला सुतळीने बांधून टाकली होती, आणि पौषातलं बोचरं वारं थेट चुलीपर्यंत आलं तरी ती गाठ कुणी सोडायची नाही, असा घरचा कायदा होता. पाहुणे कुडकुडत. शेजारणी म्हणत, बुडीला वेड लागलं. मी मात्र काही म्हणत नसे. त्या घरातली शिकलेली बाई मी, गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारी. चौदा थंड्या मी ती सुतळी रोज पाहिली आणि रोज तिच्याखालून गुपचूप शाळेत गेले.

दोन हजार साल नुकतंच लागलं होतं. माझी नोकरी दोन वर्षांची होती आणि डोक्यात विज्ञानाची भलतीच हवा होती. माझ्या भावाच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, आई नव्हती, म्हणून तिचं पहिलं बाळंतपण माहेरी न होता आमच्याकडेच झालं. मुलगी झाली. गोरी, बारकी, रडायला लागली की गल्ली जागी करणारी.

बाळंतिणीला आमच्याकडे शेक देतात. सकाळी तेल चोळून कढत पाण्याने अंघोळ घालायची, मग बाजेवर निजवायचं आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची. निखारे गोवऱ्यांचे, नाहीतर मोहाच्या लाकडाचे. वर ओवा टाकायचा आणि खोली बंद करायची, कारण बाळंतिणीला वारा लागणं म्हणजे आमच्या बायांच्या मते मरणच. पण पूर्ण बंद नाही. धूर कोंडतो म्हणून आई दाराला वीतभर फट ठेवायची. तिच्या सासूनेही तेच केलं होतं, आणि जुन्या खोल्यांच्या छपरावर मातीचे कवेलू होते, त्यांच्या सांदीतून उरलेला धूर निघून जायचा. भावाने मात्र बायकोसाठी हौसेने नवी खोली बांधली होती, वर स्लॅब, आतून गिलावा.

त्या धुराचा मला संताप यायचा. वहिनी खोकून खोकून अर्धी होई, पोरीचे डोळे गळत. मी आईवर खेकसायची, "आई, हे शेक देणं होय का जीव घेणं?" वहिनी तशातही हसायची. नववी शिकलेली होती ती. मी वह्या तपासत बसले की शेजारी येऊन आकृत्या बघायची आणि मला मास्तरीणबाई म्हणून चिडवायची. "मास्तरीणबाई, धूर बंद कराचं काही लिवलं आहे का तुमच्या पुस्तकात?"

होतं ना. त्याच आठवड्यात मी वर्गात तो धडा घेतला होता. जाड काचेच्या नळीत दगडी कोळशाचा चुरा घालायचा आणि हवा न लागू देता खालून तापवायचा. आधी पिवळट धूर निघतो. मधल्या नळीतल्या पाण्यात काळं, चिकट डांबर साचतं. पाण्याला अमोनियाचा उग्र वास येतो, त्यात बुडवलेला लाल लिटमस निळा पडतो. टोकाशी काडी धरली की कोळशाचा गॅस पेट घेतो आणि मुलं टाळ्या वाजवतात. मग नळीत जे करडं, हलकं, भोकाभोकांचं उरतं तो कोक. त्याच्याखाली मी खडूने ठळक लिहिलं होतं: कोक हे धूररहित इंधन आहे.

शनिवारची शाळा सकाळची असते, दुपारी जाता आलं असतं, पण तोवर मला थांबवत नव्हतं. गुरुवारीच मधल्या सुट्टीनंतर रजा टाकून मी गोंदियाला गेले आणि हलवाई जिथून भट्टीचा दगडी कोळसा नेतात त्या दुकानातून अर्धं पोतं घेतलं. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, घर में जलाओगे? तो पहले बाहर जला लेना. कच्चा धुआँ अंदर मत लेना." मी मनात म्हटलं, हे मला सांगतोस?

शुक्रवारी पहाटे मी अंगणात शेगडी पेटवली. पाऊण तास नुसता पिवळा, डांबरी वासाचा धूर. आई पदर नाकाला लावून म्हणाली, "बाप्पा! हे का आणलीस व?" मी म्हटलं, थांब. हळूहळू धूर विरळ झाला, मग संपलाच, उरला तो कोक. कोळसे आतून लालबुंद झाले आणि त्यांच्यावर छोट्या छोट्या निळ्या ज्योती नाचायला लागल्या. वहिनी दाराशी येऊन उभी होती.

"ते निळं का जळून राहिलं?" तिने विचारलं.

"गॅस आहे. कार्बन मोनॉक्साइड."

तिने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा अडखळली आणि खुदकन हसली. मीही हसले. नाव मला तोंडपाठ होतं, समीकरण तोंडपाठ होतं. हवा कमी पडली की हा वायू तयार होतो, ज्योत असेल तोवर तो जळून जातो, ज्योत विझली की तसाच बाहेर पडतो, त्याला रंग नाही, वास नाही, हे सगळं मी बीएस्सीच्या पेपरात लिहून मार्क घेतले होते. पण ते सगळं पेपरातलं होतं. घरातली शेगडी मला वेगळी वाटली.

त्या दिवशी शेक झाला आणि कुणाचे डोळे चुरचुरले नाहीत. आई मान डोलावून म्हणाली, "पोरगी शिकली त कामी आली." आयुष्यात आईने माझ्या शिक्षणाचं कौतुक केलं ते एवढंच. मी दिवसभर हवेत होते. शनिवारी दुपारी वहिनी म्हणाली, "डोकं जड होऊन राहिलं, बाई." मी तिला गोळी दिली आणि म्हटलं, पोर झोपू देत नाही ना, म्हणून.

रविवारी वारा सुटला. आईने वहिनीला बाजेवर निजवलं, मी धूर संपलेली शेगडी खाली सरकवली. निळ्या ज्योती बसल्या होत्या, नुसता लाल विस्तव होता. आई पोरीला तेल लावायला उन्हात घेऊन निघाली आणि दारात थांबली. मी ओसरीवर वह्या घेऊन बसत होते.

"दार जरासं उघडं राहू देऊ का व?" तिने मला विचारलं.

"कायले? धूर त नाही. उगाच वारा कायले आत घेतेस? लाव पूरं."

आईने दार लावलं.

धूर होता तोवर तो आमच्या बायांना दार उघडं ठेवायला लावायचा. कुणाला त्यामागचं रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण डोळे झोंबले की हात आपोआप दाराकडे जायचा. मी तो धूर काढून टाकला आणि हात अडवला. हे मला आज एका दमात लिहिता येतं. तेव्हा मी सात मीटर अंतरावर बसून मुलांच्या चुका लाल पेनाने खोडत होते.

पोर दुधासाठी रडायला लागली तेव्हा दीड तास झाला होता. आई म्हणाली, निजली आहे बिचारी, निजू दे थोडं. आणखी थोडा वेळ तिने पोरीला बोटाने साखरपाणी चाटवलं. मग दार उघडलं. वहिनी कुशीवर झोपली होती आणि तिचे गाल, ओठ गुलाबी झाले होते. आई म्हणाली, "पाह्य, कसा रंग चढला शेकानं." तिने खांद्याला हात लावला आणि मग ती ओरडली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

जीपमध्ये घालून तिरोड्याला नेलं. डॉक्टरांनी डोळे पाहिले, गाल पाहिले आणि विचारलं, "खोलीत शेगडी होती? दार बंद होतं?"

भाऊ होता, मी होते, आई होती. आई म्हणाली, "मीनंच लावलं दार."

कोळसा कोणता, कुणी आणला, दार लाव असं कुणी सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी उघडलं नाही. भित्री होते मी, दुसरा शब्द नाही.

गावाने तेच धरलं. बुडीने दार लावून सून मारली. भाऊ आईच्या हातचं जेवायचा, पण तिच्याशी बोलायचा नाही. काही सांगायचं झालं तर मला सांगायचा, ती समोर बसलेली असताना. आईने सुतळी बांधली ती तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. पोरीला तिनेच वाढवलं. पुढे तिरोड्याजवळ विजेच्या कारखान्याच्या उंच चिमण्या उभ्या राहिल्या, कोळशाच्या गाड्या दिवसरात्र जायला लागल्या. त्या चिमण्यांकडे पाहून आई एकदा मला म्हणाली, "एवढा कोयसा जळून राहिला. आतमंधल्या लोकाइची दारं उघडी असतीन ना?" मी म्हटलं, असतील. तिने मला कधीच, भांडणातसुद्धा, असं म्हटलं नाही की तूच सांगितलं होतंस. ती विसरली असं मी धरून चालले, कारण ते मला सोयीचं होतं. दर हिवाळ्यात मी तिच्या अंगावर आणखी एक पांघरूण टाकायची. शेवटी त्या उघड्या दाराच्या थंडीनेच तिची छाती भरली आणि ती गेली.

शाळेत दर वर्षी तो धडा यायचा. मी प्रयोग करायची, पुस्तकातलं वाक्य लिहून द्यायची आणि घाईने पुढच्या पानावर जायची.

आई गेल्याच्या पुढच्या वर्षी भाची माझ्याच वर्गात दहावीला आली. तिने नळीच्या टोकाशी काडी धरली, गॅस पेटला, टाळ्या झाल्या. एका मुलीने पुस्तकातून मोठ्याने वाचलं, "कोक हे धूररहित इंधन आहे." आणि मला पुढे जाता आलं नाही. मी फळ्यावर कार्बन मोनॉक्साइड लिहिलं आणि सांगत सुटले. धूर नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका, बंद खोलीत शेगडी ठेवू नका, बाळंतिणीच्या बाजेखाली तर नाहीच. माझा आवाज नको इतका चढला होता. भाची माझ्याकडे एकटक पाहत होती.

संध्याकाळी ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. कोळसा मी आणला, दार मी लावायला सांगितलं, आजीचा दोष नव्हता. तिने ओरडावं, टोपलं फेकावं, असं मला वाटत होतं.

ती सोलतच राहिली. "मले माईत आहे, आत्या."

"कोनं सांगतलं?"

"आजीनं. मी सातवीत होती तेवा. पोट्ट्या म्हणत, तुया आजीनं तुया मायले मारलं. मी रडत आली, त तिनं सगळं सांगतलं. म्हणली, आत्याले कधी विचारजो नको. तिचं नाव झालं त ते शाळा सोडून देईन. मंग पोट्ट्याइले हे विस्तवाचं कोन सांगन?" तिने मूठभर दाणे टोपल्यात टाकले. "तू दरसाल सांगत असशीन, असंच वाटे तिले."

माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आठवल्या. कितीतरींची लग्नं होऊन पोरंबाळं झाली होती.

"आजच्या आधी कोनाले सांगतलं होतं का तू?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.