उलटा पंजा

निजामाच्या काळात हिंगोलीच्या बाजारात एक म्हातारा नालबंद बसायचा. आमच्या राखणीच्या कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडले, तेव्हा तापल्या सळईचा डाग द्यायला मी त्याला बैलगाडीत घालून तिथं नेलं. आमच्याकडं तोच एक इलाज.

म्हाताऱ्यानं कण्यावरून अंगठा दाबत नेला. कुत्रं कळवळलं नाही. मग त्यानं मागचा पंजा उलटा टेकवला. कुत्र्यानं तो तसाच राहू दिला.

"दुखून न्हाई राहिलं. पाय कुठं हाय, तेच त्याला कळंना. हे बरं व्हत न्हाई. मग डागून तकलीफ काहून द्यायची?"

त्यानं घोड्याचा जुना पट्टा कुत्र्याच्या पोटाखालून घेऊन टोकं माझ्या हाती दिली. "मागचं तुमी उचला. पुढचं त्ये बघंल."

भर बाजारातून आमचं कुत्रं अनोळखी माणसांवर भुंकत निघालं. मागं पट्टा धरून मीही ताठ मानेनं चाललो.