वत्सलाबाईंच्या वर्गातली बिस्किटं

अमरावतीच्या मुलींच्या शाळेत आमचा पाकशास्त्राचा वर्ग तेव्हा जेमतेम वर्षभराचा होता, पण किस्से दहा वर्षांना पुरतील इतके. चार बायका जमल्या की कोणी तरी म्हणतंच, "ते बिस्किटांचं सांग ना." मग मीही आढेवेढे घेत नाही.

वर्ग वत्सलाबाईंचा, मी त्यांच्या हाताखाली. बाई विधवा. वर्ग बंद पडला तर त्यांना पुन्हा दिराच्या दारात जाऊन राहावं लागणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी कुठल्याशा मडमेकडून ओटची बिस्किटं शिकून घेतली होती.

ओटचा डबा बडनेऱ्याहून आणला. टांगेवाल्यानं वाटेत झाकण उघडून पाहिलं आणि मला म्हणाला, "बाई, हे तं पोलीस लाइनीतले घोडे खातात." मी म्हटलं, मुलींना शिकवायचंय. त्यानं आपल्या घोड्याकडे पाहिलं. "याले मी कधी देल्लं नाही, अन् तुमी पोरीईले देता?"

भट्टी नव्हती. पातेल्यात वाळू, तिच्यावर ताटली, वरच्या झाकणावर निखारे. पहिल्या घाण्याला गंगूनं निखारे जरा जास्तच ठेवले. गंगू माळ्याची, बाप बाजारात भाजी विकायचा. तिनं चार बिस्किटं हौसेनं घरी नेली. दुसऱ्या दिवशी बाप शाळेत हजर. "बाई, अजून एक द्या. तागडीच्या पासंगाले एक कमी पडून राह्यलं."

चॉकलेट अकोल्याहून बाईंच्या भावानं आणलं, तेही वैशाखात, कोटाच्या खिशात घालून. गाडीतून उतरेपर्यंत खिशात नुसता चिखल. बाईंनी खिसा उलटा केला, चमचा घेतला आणि विचारलं, "कोट धुतला होतास ना?"

"धुतला होता. दिवाळीले."

बाईंनी वरवरचं तेवढं खरवडून घेतलं.

मग शाळेचे अध्यक्ष बापूसाहेब दर्यापूरहून वर्ग पाहायला आले. चांगले दीडशे एकरांचे धनी, सोवळ्याओवळ्याचे कडक. बायकांना चुली घरी आहेतच, शाळेत कशाला, असं त्यांनी आधीच बोलून दाखवलं होतं. वर्ग ठेवायचा की बंद करायचा, ते त्याच दिवशी लिहून देणार होते. तारीख त्यांनीच ठरवलेली, आणि नेमकी एकादशी निघाली.

आम्ही तबक पुढे केलं. "आज उपास हाय," म्हणाले. पण तापलेल्या तुपाचा वास खोलीभर पसरला होता. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "कायचं हाय हे?"

मी घाईघाईनं सांगितलं, "ओट, खजूर, मनुका, बदाम, साजूक तूप, चॉकलेट."

"ओट?" त्यांनी बराच विचार केला. "पोथीत याचं नाव नाही. म्हंजे उपासाले चालते."

एक खाल्लं, दुसरं खाल्लं. तिसरं अर्धं तोंडात असताना त्यांनी वत्सलाबाईंना विचारलं, "अन् हे सारं बांधलं कायनं?"

मी बाईंकडे पाहिलं. दुधानं म्हणा, इतकंच मनात म्हणत होते.

"कणकेनं," बाई म्हणाल्या. "दोन मुठी आहे."

एकादशीला गहू पोटात गेला म्हणजे उपास मोडला. मला बाईंचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बापूसाहेबांचं चावणं थांबलं. गंगू निखाऱ्यांचा चिमटा हातात धरून तशीच उभी.

"मंग हिनं काहून नाही सांगतलं?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"तिला वर्ग जाईल अशी भीती होती," बाई म्हणाल्या. "मलाही आहे."

बापूसाहेबांनी तोंडातला घास गिळला. उरलेलं अर्धं बिस्कीटही सावकाश खाल्लं. हात झटकले, वही ओढली आणि 'वर्ग चालू ठेवावा' असं लिहून खाली सही केली. मग पगडी सारखी करत उठले.

"बाई, यातले चार बांधून द्या," ते म्हणाले. "घरी आमच्या मंडळीचाबी उपास हाय."