पेडल चालेल ना?

हॉस्पिटलच्या नोंदणी विभागाचं पत्र आलं तेव्हा टकटकबाई पोटाच्या एका ऑपरेशनचा अहवाल टाइप करत होत्या. पत्र चारच ओळींचं होतं. त्यांच्या कॉम्प्युटरमधल्या ऑपरेटिंग सिस्टीमला आता सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, त्यामुळे एक तारखेपासून त्यावरून पाठवलेले पेशंटचे अहवाल घेतले जाणार नाहीत. नवी सोय करा आणि एक तारखेला सकाळी अकराला चाचणी द्या. मध्ये नऊ दिवस होते.

बाईंनी कॅलेंडरवर एक तारखेभोवती गोल काढला.

त्या छप्पन्न वर्षांच्या. लग्नाआधी एका वकिलाकडे टाइपरायटर बडवायच्या. पुढे नवरा क्रेनवरून पडला, पाठ कामातून गेली, आणि घर चालवायचं बाईंच्या दहा बोटांवर आलं. गेली अकरा वर्षं त्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत बसून डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल ऐकायच्या आणि टाइप करायच्या. कळांचा आवाज जिन्यापर्यंत जायचा, म्हणून शेजाऱ्यांनी ठेवलेलं हे टकटकबाई नाव. बाईंना त्याचा राग नव्हता. पण बोटांइतकाच त्यांचा पाय महत्त्वाचा. टेबलाखाली एक पेडल होतं. मधे दाबलं की आवाज सुरू, डावीकडे दाबलं की मागे, उजवीकडे दाबलं की पुढे. त्या पेडलाशिवाय त्यांचं काम म्हणजे लंगडी घालत डोंगर चढणं.

पत्राची बातमी दिरांना लागली आणि ते त्याच संध्याकाळी हजर झाले. "वहिनी, तुम्ही काही बघू नका. मोठ्या शोरूममध्ये सेल लागलाय. नवाकोरा कॉम्प्युटर, तुमच्याच सिस्टीमचा नवा अवतार. बजेटमध्ये बसतोय."

"भाऊजी, पण पेडल चालेल ना?"

"चालेल हो! न चालायला काय झालं?"

बाईंनी दुसऱ्या दिवशी पेडल पिशवीत घातलं आणि दिरांबरोबर शोरूम गाठलं. टाय लावलेल्या विक्रेत्याने पेडलाकडे असं पाहिलं, जणू बाईंनी शिलाई मशीनचा पाय उचलून आणलाय. "मॅडम, चालायला हवं."

"लावून बघू या का?"

"बॉक्स उघडला की माल तुमचा. परत घेत नाही."

बाईंकडे एकाच कॉम्प्युटरपुरते पैसे होते, ते चुकीच्या बॉक्सवर घालवून चालणार नव्हतं. त्यांनी पिशवी उचलली. दीर रस्ताभर कुरकुरत राहिले, "तुम्ही उगाच फाटे फोडता." पुढच्या दोन दुकानांतही तेच. "चालेल", "चालायला हवं", "लोक वापरतात की". लावून मात्र कुणीच दाखवेना. पाच दिवस हातचे निघून गेले. घरी नवरा विचारायचा, "काय झालं गं?" आणि त्या म्हणायच्या, "बघतेय." दोघांनाही त्या शब्दाचा अर्थ कळत होता.

सहाव्या दिवशी बाई मागच्या गल्लीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात शिरल्या. ऑफिसांनी काढून टाकलेले कॉम्प्युटर ठीकठाक करून विकणारी तिशीची एक मुलगी तिथे बसायची. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"माहीत नाही काकू," ती म्हणाली. "आणा, लावून बघू."

पाच दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी 'माहीत नाही' म्हणालं होतं. बाई स्टूल ओढून बसल्या.

तिने एक करडा, बुटका कॉम्प्युटर पुढे ओढला. पैशांत बसत होता, पण त्यात बाईंची जुनी सिस्टीम नव्हती. फुकट मिळणारी, वेगळीच होती. "अपडेट वेळच्या वेळी येतात. पण सगळं वेगळ्या जागी असेल. आणि तुमचा टायपिंगचा प्रोग्राम यात चालणार नाही, दुसरा शिकावा लागेल." बाईंनी तिथूनच नोंदणी विभागाला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "सिस्टीम कुठलीही असू दे. अपडेट मिळणारी हवी आणि चाचणी पास व्हायला हवी."

दुरुस्तीवालीने पेडल लावलं. बाईंनी पाय ठेवला, दाबला. काहीच नाही. पुन्हा दाबला. शांतता. दुरुस्तीवाली पडद्यावर ओळीमागून ओळ टाइप करत होती, मधेच थांबत होती, ओठ चावत होती. पाऊण तास गेला. दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं.

"आता दाबा."

आवाज सुरू झाला. बाईंनी डावीकडे दाबलं, तर आवाज दहा सेकंद मागे उडाला. "एवढं नको गं, दोनच हवेत." तिने दोन केले. बाईंनी पैसे तिथेच दिले.

दिरांनी करडा डबा पाहून कपाळाला हात लावला. "दुसऱ्याने वापरलेला? तोही फुकटातल्या सिस्टीमचा? वहिनी, तुम्ही आमचं तोंड काळं करणार."

तोंड कुणाचं काळं होणार, ते बाईंना चांगलं माहीत होतं. जुन्या प्रोग्राममध्ये त्यांनी शेकडो शॉर्टफॉर्म करून ठेवले होते. दोन अक्षरं मारली की डॉक्टरी शब्द आख्खा उमटायचा. नव्यात ते एकेक करून भरावे लागणार होते. उरलेल्या तीन दिवसांत निम्मेसुद्धा झाले नाहीत. बोटं सवयीने दोन अक्षरं मारायची आणि पडद्यावर दोनच अक्षरं राहायची.

एक तारखेला अकराला चाचणीच्या तीन फाइल आल्या. वेळ चाळीस मिनिटं. पहिल्या दोन जेमतेम वेळेत झाल्या. तिसरी उघडली. बाई ज्यांना मनात 'गुळण्या डॉक्टर' म्हणायच्या, त्यांचा आवाज होता. घशात पाणी धरून बोलल्यासारखं बोलणारे, वाक्याचा शेवट गिळून टाकणारे.

"फुफ्फुसातली गाठ मागच्या वेळेपेक्षा वाढलेली..." आणि खोकला.

डावीकडे पाय. "वाढलेली..." खोकला. पुन्हा. पुन्हा. 'वाढलेली आहे' की 'वाढलेली नाही'? बाईंनी डोळे मिटून ऐकलं, आवाज वाढवून ऐकलं. सहा मिनिटं उरली होती आणि पुढे अर्धं पान बाकी. नवरा दारात येऊन उभा राहिला आणि मागे फिरला. अंदाजाने 'आहे' लिहिलं असतं तर फाइल पुरी झाली असती. बाईंनी तिथे मोकळी जागा सोडली, 'शब्द ऐकू येत नाही, डॉक्टरांना विचारावं' असं लिहिलं आणि पुढे टाइप करत सुटल्या. शेवटच्या दोन ओळी राहिल्याच. वेळ संपली, फाइल आपोआप गेली.

दुपारी अडीचला फोन आला. नोंदणी विभागाच्या बाई होत्या.

"फाइल अपुरी आहे."

"हो."

"मधे जागा का सोडलीत?"

"ऐकू आलं नाही. पेशंटच्या गाठीबद्दल मी अंदाज बांधायचा?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "मी डॉक्टरांना विचारलं. 'नाही' म्हणाले होते. गाठ वाढलेली नाही." मग त्या म्हणाल्या, "वेग कमी पडला तुमचा. महिन्याभराची मुदत देते, तोवर काम चालू ठेवा. आजच्या चार फाइल पाठवल्यात."

बाईंनी फोन ठेवला. नवरा भिंतीला धरून उभा होता.

"झालं?"

"महिन्याची मुदत मिळाली," त्या म्हणाल्या. "चहा टाकाल का? मला चार फाइल आहेत."