थोरलीचा रक्तगट

प्रयोगशाळेत तिला सगळे रंगारीणबाई म्हणत, आणि ते तिला आवडेही. पेशंटच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा आणि काचेवर चिकटवून रंगवायचा, हे तिचं काम. हाताखालच्यांना तिचा एकच दम असे: "रक्तगट कुणाच्या तोंडचा लिहायचा नाही. माणसं वय सांगतात तसाच गटही सांगतात. तपासणीचा कागद बघा!"

सध्या डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास हाती घेतला होता. रक्तगटाची खूण नुसती रक्तात नसते, इतर पेशींवरही असते. कर्करोगाच्या पेशी बिघडत गेल्या की कधीकधी ती पुसली जाते. जिची खूण टिकली, ती बाई बहुधा जास्त चांगली सावरते, असा डॉक्टरीणबाईंचा अंदाज. पेशंटचा जो गट, त्याची खूण ओळखणारं सिरम कापावर टाकायचं. खूण असली तर तपकिरी रंग चढतो, नसली तर काच कोरी.

आणि एके सकाळी टेबलावर तिच्याच थोरल्या जावेचा तुकडा आला.

दोघींचं वीस वर्षं विळ्याभोपळ्याचं सख्य. दूध उतू गेलं असं थोरली म्हणाली, तरी धाकटी आधी शेगडी बघून यायची आणि मगच मानायची. पण "आमचा ए गट, अव्वल नंबर!" हे थोरलीचं पालुपद तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की चिठ्ठीवरची रक्तगटाची रिकामी चौकट दिसताच रंगारीणबाईंनी झरकन 'ए' लिहून टाकलं. कागद बघायचं सुचलंच नाही. जीव थाऱ्यावर नव्हता.

दुपारी काच कोरी निघाली.

वीस वर्षांतली सगळी भांडणं तिने त्या क्षणी हरून टाकली, जिंकलेलीसुद्धा. मग नाक पुसून तिने परत मायक्रोस्कोपला डोळा लावला. गाठीच्या पेशी कोऱ्या होत्या. पण शेजारची धडधाकट रक्तवाहिनी? तीही कोरी. तिच्यातल्या तांबड्या पेशीसुद्धा ढिम्म.

"अगं बाई!" ती ओरडलीच. रक्तच आपला गट कसा विसरेल? सिरम चुकलं होतं.

ती तडक वॉर्डात गेली आणि कागद काढून बघितला. बी! नवा काप घेतला, बीचं सिरम टाकलं. संध्याकाळी रक्तवाहिन्या तपकिरी झाल्या होत्या, आणि गाठीच्या बहुतेक पेशीही. डॉक्टरीणबाईंनी आधी तिची चांगली खरडपट्टी काढली, मग काच पुन्हा एकदा बघितली आणि म्हणाल्या, "हमी देत नाही. पण हे चांगलं आहे."

वॉर्डात थोरली खाटेवर टेकून बसली होती.

"जाऊबाई, तुमचा गट बी आहे. मी ए धरून चालले, खूण सापडेना, म्हणून दुपारी रडले."

"आणि आता?"

"आता सापडली. डॉक्टर म्हणतात, चांगलं आहे. हमी नाही, पण चांगलं."

"वीस वर्षांत माझा एक शब्द खरा मानला नाहीस," थोरली म्हणाली, "आणि मानलास तो नेमका हा?"

धाकटीला हसू आवरेना, रडूही.

"खरंच रडलीस माझ्यासाठी?"

"खरंच."

"मग ऑपरेशनच्या दिवशी बाहेर तूच बस," थोरलीने तिचा हात धरला. "मला भीती वाटतेय गं."