एकटीने आणलेला डबा

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि धंतोलीतल्या दवाखान्यात तिच्याजवळ मी राहिले. नवरा कामासाठी अमरावतीला गेलेला. आमच्या घरून, बेसाहून, शेजारच्या काकू डबा पाठवायच्या, पण त्या दिवशी डबा आणणारे काका तापाने पडले. काकूंच्या फोनवरून, त्यांच्याकडेच ठेवलेली माझी बारा वर्षांची मुलगी म्हणाली, "मी आणते ना, बसने." मी नाही म्हटलं. "मग आजी काय खाईल? बाहेरचं तर ती शिवत नाही." शेवटी मी हो म्हटलं.

तिच्याकडे मोबाइल नाही. इतक्यात द्यायचा नाही हे मीच ठरवलंय, आणि चार बायकांत त्याची शेखीही मिरवते. त्या दिवशी ती शेखी पार उतरली. वाटेत काही झालं तर पोरगी फोन करणार कुठून? याच गल्लीत एकेकाळी दवाखाना तिथे एसटीडी-पीसीओची पिवळी पाटी असायची. मी नववीत असताना बाबा इथेच भरती होते आणि गावाकडे निरोप द्यायला आई मलाच खाली पिटाळायची. काचेच्या खोक्यात शिरायचं, घसा फोडून बोलायचं, वर यायचं. "सांगितलं काय?" एवढंच ती विचारायची. मी हरवेन असं तिच्या मनातही आलं नसेल. आता त्या जागी औषधांची दुकानं आहेत, झेरॉक्सवाले आहेत, फोन कुठेच नाही.

यायची वेळ टळून गेली. मी खिडकी ते जिना, जिना ते खिडकी अशा फेऱ्या घालत होते, तोच मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. कापला. बँकेच्या नावाने गंडवणाऱ्यांनी जीव नकोसा केलाय, त्यामुळे असा फोन उचलायचा नाही हा आमच्या घरचा कायदा. पुन्हा तोच नंबर. पुन्हा कापला, वर चरफडले, इथे पोरीचा पत्ता नाही आणि यांना लोन विकायचंय.

मग मेसेज आला. "आई मी आहे. उचल."

त्या नंबरवर फोन लावला तर एक बाई बोलली, "तुमची पोरगी आत्ताच गेली जी, डबा थंड होते म्हणे. आई अनोळखी नंबर उचलतच नाही म्हणे, म्हणून तिनं मेसेज लिहिला. रस्ता खोदला म्हणून बस दुसरीकून वळवली, तर ते सीताबर्डीलेच उतरली. पायी येऊन राहिली. रस्ता माहीत हाये म्हणे."

आमच्या मॅडम आल्या. घामाने निथळत, पण डबा दोन्ही हातांनी सरळ धरलेला, वरणाचा थेंबही सांडला नव्हता. जीव भांड्यात पडला आणि लगेच माझं तोंड सुटलं. "रस्त्यात कोणाचाही फोन मागतेस?"

"कोणाचाही नाही. कडेवर बाळ असलेली बाई बघून मागितला. आणि मी तर केला होता फोन. तूच कापलास."

पलंगावरून माझी आई म्हणाली, "पोरीले येता येते वं. तुलेच फोन उचलता येत नाही."

मी डबा उघडून ताट वाढायला घेतलं.

आजीला जेवू घालून, रिकामा डबा घेऊन ती निघाली. मी चप्पल पायात सरकवली. "बसपर्यंत येते."

"आजीला संडासला जायचं असलं तर कोण नेईल? बस तू इथंच."

आणि मी राहिले. त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम तेच होतं. खिडकीला मात्र चिकटून उभी राहिले. खाली बसथांब्यावर गावाकडचं एक म्हातारं जोडपं एक्स-रेचं मोठं पाकीट घेऊन गोंधळलेलं दिसलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारत होते, कोणी थांबत नव्हतं. माझी मुलगी थांबली. तिने हातवारे करून काहीतरी सांगितलं, त्यांना पटलं नसावं. तेवढ्यात तिची बस आली. ती चढली नाही. ती त्यांना वळणापर्यंत घेऊन गेली, बोटाने त्यांच्या दवाखान्याची पाटी दाखवली, ते आत जाईपर्यंत उभी राहिली आणि मग परत थांब्यावर येऊन पुढच्या बसची वाट बघू लागली.

माझ्या शेजारी, बाजूच्या पलंगावरल्या पेशंटची बहीणही हे बघत होती. "मोठी हुशार हाये जी," ती म्हणाली. "कोणाची पोरगी हाये ते?"

"माझी," मी म्हटलं, इतक्या मोठ्याने की नर्सने वळून पाहिलं.